उशीचा अभ्रा आणि कुत्र्याचे नाक

चोरीच्या बातमीत एक वाक्य हमखास असते : श्वान पथकाला पाचारण करण्यात आले, श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला आणि तेथे ते घुटमळले. वाचणाऱ्याला वाटते, कुत्र्याच्या हाती काही लागले नाही. पण त्या घुटमळण्यालाही अर्थ असतो. चोर तिथून मोटारसायकलवर बसून गेला असेल. तापलेल्या डांबरावर आणि रहदारीत वास विरून गेला असेल. तिसरीही एक शक्यता असते आणि तिच्याविषयी क्वचितच बोलले जाते. कुत्र्याला सुरुवातीला ज्या वस्तूचा वास दिला, तिला तोवर दहा जणांचे हात लागलेले असतील. मग त्याने माग काढायचा तरी कोणाचा?

नाक कुत्र्याला जन्मजात मिळते. वासाची वस्तू मात्र माणसाने निवडायची, उचलायची आणि जपायची असते. शोध फसतो तेव्हा आपण कुत्र्याला बोल लावतो. चूक पुष्कळदा त्याआधीच, माणसाच्या हातून झालेली असते. म्हणून माग काढणाऱ्या कुत्र्याचे शिक्षण समजून घ्यायचे तर सुरुवात या वस्तूपासून करावी लागते.

त्यासाठी एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, पूर्णा नदीवर, येलदरी धरणाच्या खालच्या अंगाला सिद्धेश्वरचे मातीचे धरण आहे. जलाशय, कालवे, काळी जमीन, कापूस-सोयाबीनची रानं, बाभळीची झुडपं असा हा परिसर. समजा, इथल्या एका घरातले आजोबा, ज्यांना हल्ली विसर पडतो, पहाटे कोणाला न सांगता घराबाहेर पडले. उजाडल्यावर घरच्यांच्या लक्षात आले. गाव गोळा झाला. आता त्यांच्या खोलीतल्या कोणत्या वस्तूला कोण हात लावतो, यावर पुढचे बरेच काही ठरणार आहे.

माग तेव्हाचा आणि आताचा

मराठी मुलखाला माग काढणे नवे नाही. पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जिंकलेल्या प्रदेशाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या पहारेकऱ्याच्या या कामाची नोंद आहे. चोरी झाली की पहारेकरी पावलांचे ठसे पाहत शिवेपर्यंत जाई. माग शेजारच्या गावाच्या हद्दीत शिरल्याचे दाखवून दिले की पुढची जबाबदारी त्या गावावर पडे. हा माग डोळ्यांनी काढायचा. मातीत उमटलेला ठसा, मोडलेले गवत, लंगडणारे पाऊल ही त्याची अक्षरे. कठीण खडकावर किंवा वर्दळीच्या वाटेवर ती पुसली जात.

कुत्रा याच वाटेवर नाकाने चालतो. मात्र पोलिसांकडची सगळी कुत्री एकाच प्रकारचे काम करत नाहीत, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबईत तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स हुडकणारा ‘जंजीर’ हा लॅब्रेडॉर स्फोटके शोधणारा कुत्रा होता. अशा कुत्र्याला काही ठरावीक वास आधीच शिकवलेले असतात आणि आयुष्यभर तो तेच शोधतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातील भूकंपानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या (एनडीआरएफ) ज्युली आणि रोमिओ या कुत्र्यांनी ढिगाऱ्याखाली अडकलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा ठावठिकाणा दाखवला. त्यांना कोणा विशिष्ट व्यक्तीचा वास द्यावा लागत नाही. ढिगाऱ्यातून हवेत येणारा कोणत्याही जिवंत माणसाचा वास त्यांना पुरतो.

माग काढणाऱ्या कुत्र्याचे काम या दोहोंहून वेगळे आहे. त्याला दर वेळी नव्या माणसाचा वास दिला जातो. काल ज्याला शोधले त्याला आज विसरायचे, आणि आज दिलेला वास शंभर जणांच्या वासातून वेगळा काढायचा. वासाची वस्तूच खराब निघाली तर हा कुत्रा पत्ता न लिहिता टपालात टाकलेल्या पाकिटासारखा होतो : वेगात निघतो, पण जाणार कुठे?

माणूस मागे काय सोडतो

आपल्या त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो. मिनिटाला ३० ते ४० हजार सूक्ष्म कण, असा अंदाज नेहमी दिला जातो. या कणांवर घाम, तेलकट स्राव आणि जिवाणू असतात. जिवाणू त्या स्रावांचे विघटन करतात आणि त्यातून हवेत उडणारी रसायने तयार होतात. अनुवंश, आहार, आजार, औषधे, साबण या सगळ्यांचा या मिश्रणावर परिणाम होतो. तरीही त्याच्या गाभ्याशी त्या माणसाची स्वतःची अशी खूण राहते.

ती खूण किती बारीक असते, हे झेक प्रजासत्ताकातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले. एकाच घरात राहणाऱ्या, तेच अन्न खाणाऱ्या एकसारख्या जुळ्या मुलांचे वास त्यांनी पोलिसांच्या प्रशिक्षित जर्मन शेफर्ड कुत्र्यांपुढे ठेवले. कुत्र्यांनी जुळ्यांमधला फरक ओळखला. नॉर्वेतील संशोधकांनी १९९३ मध्ये दुसरे एक कोडे सोडवले. चाललेल्या माणसाची दिशा कुत्र्याला कशी कळते? त्यांच्या कुत्र्यांना ताज्या मागावरची मोजकी, पाचच्या आत पावले हुंगणे पुरेसे होते. एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंत वासात पडणारा अगदी किंचित फरक त्यांनी टिपला असावा.

अशी ताकद कुत्र्याच्या नाकाच्या रचनेतच आहे. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख. कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून अधिक. हुंगताना तो सेकंदाला सुमारे पाच वेळा हवा आत-बाहेर करतो. बाहेर पडणारी हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून जाते, त्यामुळे समोरून येणारा नवा वास विस्कटत नाही.

पण हीच ताकद वस्तू हाताळणाऱ्यावर मोठी जबाबदारी टाकते. आपल्याला जो सदरा फक्त आजोबांचा वाटतो, तो कुत्र्याला धुणाऱ्या सुनेचा, घडी घालणाऱ्या नातीचा आणि मघाशी ‘हा घ्या त्यांचा सदरा’ म्हणत तो पुढे करणाऱ्या मुलाचाही वाटतो.

कोणती वस्तू, कोणाच्या हाताने

चांगल्या वस्तूची कसोटी साधी आहे : ती अंगाला लागून वापरलेली असावी, न धुतलेली असावी आणि एकाच माणसाची असावी. बनियन, मोजे, टोपी, रुमाल, चपलेची आतली बाजू, उशीचा अभ्रा या त्या कसोटीला उतरणाऱ्या वस्तू. कपाटातला इस्त्रीचा सदरा जवळजवळ निरुपयोगी. सगळ्या घराने वापरलेला टॉवेल, सोफ्यावरची चादर, धुण्याच्या टोपलीत इतरांच्या कपड्यांत मिसळलेला शर्ट या फसव्या वस्तू. खेड्यातल्या घरात आणखी एक अडचण येते. एकाच वाकळीत दोन नातवंडे आजोबांजवळ झोपतात. अशी वाकळ दिली तर कुत्रा अंगणात खेळणाऱ्या नातवापाशी जाऊन थांबेल, आणि त्याच्या दृष्टीने त्याचे उत्तर बरोबर असेल.

आता आजोबांच्या खोलीत जाऊ. खाटेवर उशी आहे, तिचा अभ्रा रोज त्यांच्याच डोक्याखाली असतो. तो उचलायचा श्वान हस्तकाने, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्याने, स्वतः, किंवा त्याने नीट समजावून सांगितलेल्या एकाच माणसाने. हातात नवे हातमोजे घालायचे. त्या मोज्यांनी दाराची कडी, मोबाइल किंवा स्वतःचा चेहरा यांपैकी कशालाही हात लागला तर ते बदलायचे. अभ्रा झटकायचा नाही. झटकल्याने वासाचे कण निघून जातात. स्वच्छ चिमट्याने किंवा मोजे घातलेल्या दोन बोटांनी एक कोपरा धरून तो नव्या, कोणताही सुवास नसलेल्या, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत सोडायचा. कचऱ्यासाठी मिळणाऱ्या काही पिशव्या सुगंधी असतात, त्या चालत नाहीत. किराणा आणलेली पिशवी तर नाहीच. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत ठेवायची. वर कोणाची वस्तू, कुठून, किती वाजता आणि कोणी उचलली, हे लिहायचे. दोन माणसांच्या वस्तू एका पिशवीत कधीच ठेवायच्या नाहीत. कापड ओले असेल तर ते फार वेळ प्लास्टिकमध्ये राहू द्यायचे नाही. बुरशी धरते आणि वास बदलतो.

प्रत्येक वेळी वस्तू उचलता येतेच असे नाही. चोराने टाकलेली कटावणी किंवा पडलेली चप्पल हा पुरावाही असतो. तिच्यावर बोटांचे ठसे किंवा डीएनए असू शकतो. अशा वेळी न्यायवैद्यक तज्ज्ञांचे काम आधी, आणि कुत्र्यासाठी वास स्वतंत्र काढून घ्यायचा. निर्जंतुक गॉजचा तुकडा स्टीलच्या चिमट्याने धरून वस्तूवर ठेवायचा, काही वेळ तसाच राहू द्यायचा, मग तो तुकडा पिशवीत बंद करायचा. मोटारीच्या आसनावरून, खुर्चीवरून, सायकलच्या मुठीवरून वास असा उचलता येतो. मूळ वस्तू जागेवरून हलतही नाही. मात्र ठशांची किंवा डीएनएची तपासणी व्हायची असेल तर गॉज कुठे टेकवायचा, हे तज्ज्ञांनाच ठरवू द्यावे.

वास जपून ठेवण्याच्या या युक्तीचा काळा इतिहासही आहे. पूर्व जर्मनीच्या ‘श्टाझी’ या गुप्त पोलीस यंत्रणेने सरकारविरोधकांचे वास पिवळ्या कापडांवर टिपून काचेच्या बरण्यांत साठवले होते. चौकशीसाठी बोलावलेल्या माणसाला ज्या खुर्चीवर बसवायचे, तिच्यावर असे कापड आधीच ठेवलेले असे. माणसाच्या नकळत त्याचा वास घेणाऱ्या यंत्रणेला तो जबाबदारीने वापरण्याची सवय नसेल, तर काय होते, हे त्या बरण्या पाहून कळते.

शिवारातला सराव

आता सिद्धेश्वरच्या शिवारात कुत्र्याला तयार करायचे असेल तर काय करावे लागेल? पिल्लापासून सुरुवात होते. ओळखीचा माणूस त्याच्या डोळ्यांदेखत टोपी खाली टाकून पळत जातो आणि पन्नास पावलांवर बाभळीआड बसतो. पिल्लू टोपीपाशी आणले की तिचा वास घेते, धावत जाऊन माणूस शोधते आणि खाऊ मिळवते. हळूहळू पळणे दिसेनासे करायचे, अंतर वाढवायचे, वळणे घालायची. टोपीचा वास आणि शेवटी सापडणारा माणूस यांची गाठ त्याच्या डोक्यात पक्की बसली पाहिजे.

काम सुरू करण्याची पद्धत दर वेळी एकच असावी. माग काढायचा हार्नेस फक्त या कामाच्या वेळीच अंगावर चढवायचा. कुत्रा शांत झाला की पिशवी जमिनीवर उघडी ठेवायची आणि त्याला स्वतःहून नाक आत घालू द्यायचे. कापड त्याच्या नाकावर घासायचे नाही, तोंडावर दाबायचे नाही. तसे केले तर वस्तूच त्याला नकोशी होते आणि तो हुंगणे टाळतो. त्याने वास घेतल्यावर ठरलेला शब्द एकदाच उच्चारायचा आणि लांब दोर सैल सोडायचा. पुढे कुत्रा हस्तकाला नेतो, हस्तकाने कुत्र्याला न्यायचे नाही.

इथली जमीन आणि हवा बरेच काही शिकवते. पहाटे जलाशयाकडून ओलसर हवा येते आणि थंड हवा उताराने खाली सरकते, तेव्हा वास नाल्यात, कालव्याच्या काठच्या गवतात, बांधाच्या सावलीत साचतो. कुत्रा माणसाच्या पावलांच्या रेषेपासून दहा हात बाजूला चालतो आणि तरीही बरोबर असतो. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीपार गेल्यावर, उघड्या काळ्या रानावर वास लवकर विरतो. भेगांत, झुडपांच्या बुडाशी आणि ओलसर जागी तो टिकतो. म्हणून एकच माग एकदा पहाटे, एकदा दुपारी काढून पाहावा. हस्तकाला वेळेचा फरक डोळ्यांनी दिसतो.

खरी परीक्षा वास वेगळा काढण्याची. दोघे जण एकत्र निघतात, कालव्यापाशी फुटतात. एक धरणाच्या बाजूला, दुसरा गावाकडे. कुत्र्याला पहिल्याची वस्तू दिली आहे. फाट्यावर तो थांबेल, दोन्हीकडे हुंगेल, थोडा चुकेल, परत येईल. इथे हस्तकाने गप्प राहायचे. कधी मुद्दाम भेसळीची वस्तू द्यायची : तिला तीन माणसांनी हात लावलेला आहे, त्यातले दोघे तिथेच उभे आहेत. कुत्र्याने त्या दोघांना हुंगून बाद करायचे आणि जो तिथे नाही त्याच्या मागावर जायचे. घरातल्या अनेकांनी हाताळलेली वस्तू हाती आली तर ही सवय प्रत्यक्षात कामाला येते. मग त्या सगळ्यांना काही क्षण कुत्र्याजवळ उभे करता येते.

आणखी एक सराव पुष्कळदा राहून जातो. ज्या माणसाची वस्तू दिली, तो त्या जागी कधी आलाच नाही. अशा वेळी कुत्र्याने शोधाशोध करून ‘इथे त्याचा वास नाही’ असे सांगायला शिकले पाहिजे. प्रत्येक वेळी शेवटी माणूस आणि खाऊ मिळतोच, असे शिकलेला कुत्रा खऱ्या शोधात कोणाच्याही मागे लागतो. नकार देता येणे हा कुत्र्याच्या प्रामाणिकपणाचा पाया आहे, आणि त्यालाही तितकेच बक्षीस मिळाले पाहिजे.

हस्तकाला उत्तर माहीत नसावे

वस्तू निर्मळ असली तरी एक भेसळ उरते : हस्तकाच्या मनातली. २०११ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमली पदार्थ आणि स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्यांच्या १८ जोड्या, म्हणजे कुत्रा आणि त्याचा हस्तक, एका चर्चमध्ये आणल्या. काही ठिकाणी लाल कागदाची खूण असेल आणि तिथे वास ठेवलेला आहे, असे हस्तकांना सांगितले. प्रत्यक्षात संपूर्ण इमारतीत कुठेही काहीही ठेवलेले नव्हते. तरीही बहुतेक फेऱ्यांत कुत्र्याने इशारा दिल्याचे हस्तकांनी सांगितले, आणि खुणेच्या जागी असे इशारे अधिक होते. कुत्रा वास शोधत असतो, पण आपल्या माणसाकडेही बघत असतो. हस्तकाचा थांबलेला पाय, ताणलेला दोर, रोखलेला श्वास हे सगळे कुत्र्याला कळते.

नेदरलँड्समध्ये संशयितांच्या वासाची ओळखपरेड घेतली जात असे. काही हस्तकांना संशयिताचा वास असलेली नळी कोणती हे आधीच माहीत असल्याचे २००६-०७ च्या सुमारास उघड झाले आणि जुन्या खटल्यांवर प्रश्नचिन्ह लागले. यावर उपाय एकच. सरावात माग आखणारा वेगळा आणि कुत्रा चालवणारा वेगळा असावा. माग कुठे जातो हे हस्तकाला ठाऊक नसावे आणि ज्याला ठाऊक आहे तो जवळपास नसावा.

न्यायालयांनी ही शंका फार पूर्वी बोलून दाखवली आहे. महाराष्ट्रातील रेल्वे घातपाताच्या खटल्यात, अब्दुल रज्जाक मुर्तजा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये कुत्र्याच्या मागाच्या पुराव्यावरील आक्षेप मांडले. कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही. त्याच्या वतीने हस्तक बोलतो. माणसाचे जीवित आणि स्वातंत्र्य कुत्र्याने काढलेल्या निष्कर्षावर सोपवू नये. आणि असा पुरावा ग्राह्य धरला तरी त्याला सामान्यतः फारसे वजन देता येत नाही. २००१ मध्ये गडे लक्ष्मी मंगराजू विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात न्यायालयाने कुत्र्याची किंवा त्याच्या हस्तकाची चूक होण्याची शक्यता पुन्हा अधोरेखित केली.

ही भूमिका योग्य आहे आणि तिचा या कामाला उपयोगच होतो. कुत्र्याने दिशा दाखवावी, तपास माणसाने पुढे न्यावा, पुरावा वेगळा मिळवावा. पण दिशा तरी विश्वासार्ह हवी. त्यासाठी वस्तू कुठून आणली, कोणी उचलली, कोणत्या पिशवीत ठेवली, कुत्र्याला कधी दाखवली आणि माग किती जुना होता, याची नोंद प्रत्येक शोधात झाली पाहिजे. ही नोंद नसेल तर कुत्र्याचे यश आणि अपयश दोन्ही सांगोवांगीच राहतात, आणि त्यातून पुढच्या कुत्र्याला काही शिकवता येत नाही.

पथक येईपर्यंत

मुंबई पोलिसांचे श्वान पथक १९५९ मध्ये सुरू झाले. पुण्यात गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणाहून पथक सिद्धेश्वरसारख्या गावात पोचायला वेळ लागतो, आणि त्या वेळेत जे होते ते कोणत्याही प्रशिक्षकाच्या हाती नसते. ते घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या, पोलीस पाटलांच्या हाती असते.

म्हणून आजोबा घरात नाहीत असे कळताच पोलिसांना खबर द्यावी आणि शोध सुरू करावा, पण त्यांची खोली बंद करावी. अंथरूण आवरू नये, उशी हलवू नये, कपडे शोधत पेटी उचकू नये. ‘हे बघा त्यांचे धोतर’ म्हणून कोणी कोणाच्या हातात देऊ नये. ते कोणत्या दाराने, कोणत्या वाटेने गेले असावेत याचा अंदाज असेल तर त्या वाटेवर गर्दी करू नये, बैलगाडी किंवा मोटारसायकल नेऊ नये. शोधायला निघणाऱ्यांनी दुसऱ्या वाटेने फिरावे. खोलीत आधी कोण कोण गेले, कोणी काय हाताळले, हे आठवून एका कागदावर लिहावे आणि ती माणसे पथक येईपर्यंत गावातच थांबावीत. वृद्ध, विसर पडणारी माणसे ज्या घरात आहेत, तिथे त्यांची उशी आणि अंथरूण फक्त त्यांच्याच वापरात ठेवण्याची सवय आधीपासून लावता येते. तिला खर्च नाही.

पथक आले की हस्तकाला ही माहिती आधी द्यावी. हळहळ आणि तर्कवितर्क नंतर. कुत्र्याच्या नाकाची ताकद आपल्याला वाढवता येत नाही. त्याला दिला जाणारा वास मात्र आपण निर्मळ ठेवू शकतो, आणि हे काम गावातला कोणीही करू शकतो.